एक लोक, अनेक हाका : ताई लोकांची नावं

(सामुदायिक रेडिओवरील 'ओळख' या मालिकेतील भाषण)



'ताई' म्हटलं की आपल्याला थोरली बहीण आठवते. नाहीतर अंगणवाडीताई, बचत गटाच्या अध्यक्षताई. आज आम्ही ज्या ताई लोकांबद्दल बोलणार आहोत, त्यांचा आपल्या या शब्दाशी नात्याचा संबंध नाही, उच्चार तेवढा जुळतो. हे ताई म्हणजे आशियातला एक मोठा लोकसमूह. आपल्या आसाम आणि अरुणाचलपासून म्यानमार, थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि थेट दक्षिण चीनपर्यंत तो पसरलेला आहे. त्यांच्या भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत, जशा मराठी, कोकणी आणि गुजराती.

पण गंमत अशी, की या लोकांची नावं मोजायला बसलं तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. शान, आहोम, खामती, फाके, लू, दाई, लाओ, थाय, काळे ताई, पांढरे ताई, झुआंग, नुंग. एकाच कुळातल्या लोकांना इतकी नावं का? ती कोणी ठेवली? आणि नावानं माणसाच्या आयुष्यात काही फरक पडतो का? आज याच तीन प्रश्नांवर आपण बोलू.

त, थ, द

पहिला प्रश्न ऐकणाऱ्या बहुतेकींना पडतो. थायलंडचे 'थाई' आणि आसामचे 'ताई' एकच का? हो, मूळ शब्द एकच आहे. आपण शाळेत त, थ, द, ध, न असं एका ओळीत म्हणायचो. ही सगळी अक्षरं दातांना जीभ लावून निघतात. म्हणूनच एका शब्दातला 'त' दुसऱ्या गावात 'थ' होतो आणि तिसऱ्या गावात 'द'सारखा ऐकू येतो. थायलंड आणि लाओसमध्ये लोक 'थाय' म्हणतात. म्यानमारमधले शान, चीनमधले लू आणि आपल्याकडचे फाके 'ताय' म्हणतात. चीनमध्ये सरकारनं रोमन लिपीत लिहिताना 'द'चं अक्षर वापरलं आणि जगात नाव झालं 'दाई'. म्हणजे थाई, ताई आणि दाई ही तीन माणसं नव्हेत, एकाच माणसाला तीन तोंडांनी मारलेली हाक आहे.

या शब्दाचा अर्थ काय? पुष्कळ ठिकाणी 'स्वतंत्र माणूस' असा अर्थ सांगितला जातो. पण भाषेचे अभ्यासक म्हणतात, की मुळात त्याचा अर्थ नुसता 'माणूस' किंवा 'लोक' असा असावा. पुढे राजे आले, गुलाम आले, तेव्हा गुलाम नसलेला तो 'ताय' असा अर्थ त्याला चिकटला. ईशान्य थायलंडच्या खेड्यांत आजही गावकऱ्यांना 'थाय बान' म्हणतात. 'बान' म्हणजे गाव. आपण 'गावची माणसं' म्हणतो, तसंच.

सगळ्या ताई बोलींत काही शब्द सारखे सापडतात. 'नाम' म्हणजे पाणी, 'ना' म्हणजे भाताचं खाचर, 'खाम' म्हणजे सोनं, 'मोंग' किंवा 'मुआंग' म्हणजे एका सरदाराच्या हाताखालचा मुलूख. हे शब्द बघितले तरी कळतं, की ही नदीकाठच्या खोऱ्यात राहून भात पिकवणारी माणसं. अरुणाचलमधलं नामसाई आणि आसाममधलं नामरूप या नावांतलं 'नाम' म्हणजे हेच ताईंचं पाणी.

या भाषांत सूर फार महत्त्वाचा. थाई भाषेत 'खाओ' हा शब्द एका सुरात म्हटला तर भात, दुसऱ्या सुरात म्हटला तर पांढरा. त्यामुळे बाहेरच्या माणसाला यांची नावं नीट ऐकूच येत नाहीत. अर्धे घोळ तिथेच सुरू होतात.

स्वतःनं घेतलेली नावं

ताई लोक स्वतःला आधी 'ताई' म्हणतात आणि मग पुढे एक शब्द जोडतात. आपल्याकडे घाटावरचे, कोकणातले, वऱ्हाडातले म्हणतात, तशी ही रीत आहे.

काही नावं जागेवरून आली. ताई-माओ म्हणजे माओ नदीच्या काठचे. ताई-नुआ म्हणजे वरच्या अंगाचे, उत्तरेकडचे. ताई-खामती हे नाव 'खाम' आणि 'ती' या दोन शब्दांचं. 'ती' म्हणजे जागा, म्हणून खामती म्हणजे सोन्याची जागा. ताई-फाके या नावात 'फा' म्हणजे भिंत आणि 'के' म्हणजे जुनी. जुन्या भिंतीपाशी राहणारे ते फाके. आसामच्या दिब्रुगढ आणि तिनसुकिया भागात यांची मोजकी गावं आहेत. सगळे मिळून दोनेक हजार माणसं असतील, पण भाषा आणि लिपी त्यांनी टिकवून ठेवली आहे.

काही नावं मोठेपणावरून आली. शान लोक स्वतःला 'ताई-लोंग' म्हणवतात, म्हणजे थोरले ताई. थायलंडमध्ये त्यांना 'ताई-याई' म्हणतात, अर्थ तोच. सतराव्या शतकात सयामला गेलेल्या फ्रेंच वकिलानं लिहून ठेवलं आहे, की सयामचे लोक स्वतःला 'थाय-नोई' म्हणजे धाकटे थाय म्हणवून घेत. आज ज्यांचं मोठं राष्ट्र आहे ते तेव्हा स्वतःला धाकटे म्हणत होते आणि ज्यांना आज राष्ट्र नाही ते थोरले होते.

आणि काही नावं आली रंगावरून. व्हिएतनामच्या वायव्य डोंगरात आणि लाओसमध्ये ताई-दाम, ताई-खाओ आणि ताई-देंग राहतात, म्हणजे काळे, पांढरे आणि तांबडे ताई. हा रंग कातडीचा नाही. एक स्पष्टीकरण असं, की तो बायकांच्या कपड्यांचा रंग आहे. काळ्या ताईंच्या बायका काळी, अंगाला घट्ट बसणारी चोळी घालतात, तिला पुढून चांदीच्या फुलपाखरांच्या आकड्यांची ओळ असते. पांढऱ्या ताईंच्या चोळ्या पांढऱ्या. दुसरं स्पष्टीकरण असं, की काळी नदी आणि तांबडी नदी या त्या भागातल्या नद्यांवरून ही नावं पडली. यांतलं कुठलंही धरा, पण लोकांच्या बोलण्यात आजही पहिलंच जास्त आहे. विचार करा, अख्ख्या जमातीची ओळख बायकांच्या चोळीवरून झाली. कापूस पिकवायचा, सूत कातायचं, नीळ घालून काळं करायचं, विणायचं, शिवायचं ही सगळी मेहनत बायकांची. तिथे लग्न झालेली बाई केस डोक्याच्या माथ्यावर उंच अंबाड्यात बांधते. आपल्याकडे मंगळसूत्र, त्यांच्याकडे अंबाडा.

चार बहिणींची गोष्ट

एकाच गटाला किती नावं पडू शकतात हे समजायला एक कल्पना करू. समजा, काळ्या ताईंच्या एका घराण्याच्या चार शाखा झाल्या आणि प्रत्येक शाखेतली एक लेक आज आपल्यासमोर बसली आहे.

पहिली व्हिएतनाममध्येच राहिली. तिथे सरकारनं एकूण ५४ वांशिक गट ठरवले आहेत. त्यात काळे, पांढरे आणि तांबडे असा फरक नाही. सगळ्यांचा एकच गट, 'थाय'. २०१९ च्या जनगणनेत या गटाची संख्या १८ लाखांवर होती. हिच्या कागदावर 'थाय' आहे, घरात ती 'ताई-दाम' आहे.

दुसरी लाओसमध्ये. तिथे तिला शेजारीपाजारी 'ताई-दाम'च म्हणतात.

तिसरीचे पूर्वज १७७९ च्या सुमारास सयामच्या फौजेनं युद्धकैदी म्हणून नेले आणि थायलंडच्या फेत्चबुरी भागात वसवले. ते लाओसच्या बाजूनं आले म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना 'लाओ' म्हटलं आणि त्यांच्या काळ्या विजारींवरून 'सोंग' म्हटलं. झालं नाव 'लाओ सोंग'. ही लेक लाओ नाही, पण दोन शतकं तिच्या घराला लाओ म्हणतात. आता तिथले लोक स्वतःसाठी 'थाय सोंग दाम' किंवा 'ताई-दाम' हे नाव पुढे आणत आहेत.

चौथीचं घर १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईच्या काळात व्हिएतनाममधून लाओसला पळालं. १९७५ मध्ये लाओसमध्येही राज्य पालटलं, तेव्हा नदी ओलांडून थायलंडच्या छावणीत आलं. तिथून अमेरिकेच्या आयोवा राज्यात. आयोवाचे तेव्हाचे राज्यपाल रॉबर्ट रे यांनी या लोकांना विखरू न देता एकत्र आश्रय दिला. आज अमेरिकेतले बहुतेक ताई-दाम त्याच राज्यात आहेत. तिथल्या फॉर्मवर मात्र चौथीसमोर एकच मोठा रकाना असतो, 'आशियाई'.

रक्त एक, भाषा एक, अंबाडा एक, आणि कागदावर नावं चार. यांतली किती त्यांनी स्वतः निवडली, ते तुम्हीच बघा.

दुसऱ्यांनी ठेवलेली नावं

आता दुसऱ्यांनी ठेवलेल्या नावांकडे येऊ. ब्रह्मी लोक ताईंना 'शान' म्हणतात. हे नाव फार जुनं आहे. कंबोडियात अंगकोर वाटच्या भिंतीवर बाराव्या शतकातलं कोरीव काम आहे, त्यात चालणाऱ्या सैनिकांच्या एका तुकडीला 'स्याम' म्हटलं आहे. शान, स्याम, सयाम आणि आपल्याकडचं 'आहोम' आणि 'आसाम' हे शब्द एकाच मुळातून निघाले असावेत असं बरेच अभ्यासक मानतात. आसाममध्ये खामयांग ताईंच्या वस्त्यांना आजही 'श्याम गाव' म्हणतात. तिथे सावळ्या कृष्णाचा संबंध नाही, तो हा 'स्याम' आहे.

शान म्हणण्यात तुच्छता नाही. आज म्यानमारमधलं त्यांचं राज्यही शान या नावानंच ओळखलं जातं, आणि जगासमोर बोलताना ते स्वतःही तेच नाव वापरतात. पण सगळीच नावं अशी निरुपद्रवी नसतात.

उत्तर थायलंडमध्ये शान लोकांना पूर्वी 'ङिआव' म्हणत. शान लोकांना हा शब्द हिणवणारा वाटतो. १९०२ मध्ये तिथे शान लोकांनी सयामच्या सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यालाही सरकारी बखरींत 'ङिआवांचं बंड' म्हटलं गेलं. आता माणसांसाठी तो शब्द मागे पडला, पण तांदळाच्या शेवयांवर घालायच्या एका तिखट रश्शाच्या नावात तो अजून उरला आहे. उत्तर थायलंडच्या बाजारात तो रस्सा रोज विकला जातो.

व्हिएतनामच्या उत्तरेला 'ताय' नावाचा गट आहे, त्यांचीही संख्या १८ लाखांच्या घरात. त्यांना पूर्वी 'थो' म्हणत. थो म्हणजे माती. मातीतले, इथलेच अडाणी, असा त्याचा सूर होता. त्यांनी ते नाव सोडलं.

सगळ्यात बोचणारी गोष्ट झुआंग लोकांची. दक्षिण चीनच्या ग्वांगशी प्रांतात ते राहतात आणि चीनमधला हा सगळ्यात मोठा अल्पसंख्य समाज आहे, दोन कोटींच्या घरात. चिनी लिपीत प्रत्येक अक्षराला एक खूण जोडलेली असते, तिच्यावरून अर्थाचा अंदाज येतो. जुन्या काळी दरबारी लेखनिकांनी 'झुआंग' लिहिताना कुत्र्याची खूण जोडली. म्हणजे कागदावर नाव लिहितानाच शिवी. १९४९ नंतर कुत्र्याची खूण काढून माणसाची खूण जोडली. पुढे १९६५ मध्ये अक्षरच बदललं आणि 'सशक्त' असा अर्थ असलेलं नवं अक्षर घेतलं. उच्चार तोच राहिला, पण लिहिण्यातला अपमान गेला.

चीनमधल्या दाई लोकांनाही पूर्वी 'बाई-यी' म्हणत. त्यातल्या 'यी'चा अर्थ रानटी. ते नाव टाकून 'दाई' घेतलं आणि त्यासाठी माणसाची खूण असलेलं वेगळं अक्षर तयार केलं.

सरकारी रकाने

मैत्रिणींनो, शेजाऱ्यानं ठेवलेलं नाव तोंडी असतं. सरकारनं ठेवलेलं नाव कागदावर येतं, आणि कागदावरचं नाव शाळा, दाखले, जमीन आणि नागरिकत्व ठरवतं.

१९५३ मध्ये चीनमध्ये जनगणना झाली तेव्हा लोकांना त्यांच्या जमातीचं नाव विचारलं. चारशेहून अधिक नावं आली. सरकारला इतके रकाने नको होते. अभ्यासक पाठवून, गट जोडून-तोडून शेवटी ५६ ठरवले. त्यात ताई-लू आणि ताई-नुआ हे दोघे 'दाई' या एका रकान्यात बसवले, जरी त्यांच्या लिप्या वेगळ्या आणि बोली वेगळ्या. उलट झुआंग आणि बुयेई यांच्या बोली एकमेकींत मिसळून जातात, पण मधून प्रांताची सीमा जाते म्हणून त्यांना दोन रकाने मिळाले. सीमेपलीकडे व्हिएतनाममध्ये त्यांचेच भाऊबंद नुंग आणि ताय म्हणून नोंदले गेले.

थायलंडमध्ये उलट घडलं. १९३९ मध्ये सरकारनं देशाचं सयाम हे नाव बदलून थायलंड केलं. त्याच वर्षी फर्मान निघालं, की उत्तरेचे थाय, दक्षिणेचे थाय असे भेद करायचे नाहीत, सगळ्यांना नुसतं 'थाय' म्हणायचं. ऐकायला चांगलं वाटतं, सगळे एक. पण ज्यांच्या घरात लाओ बोलतात, त्यांच्या मुलांना शाळेत लाओ बोलायची लाज वाटू लागली.

या लाओ बोलणाऱ्यांची गोष्ट आपल्याला जवळची आहे. १८९३ मध्ये फ्रान्स आणि सयाम यांच्यात मेकोंग नदी सीमा झाली. नदीच्या पलीकडचे लाओ पुढे लाओस देशात गेले, अलीकडचे सयाममध्ये राहिले. आज लाओसपेक्षा जास्त लाओ बोलणारे थायलंडमध्ये आहेत. त्या भागाच्या नावातून सरकारनं 'लाओ' शब्द काढला आणि नाव दिलं 'इसान'. हा शब्द आपला ओळखीचा आहे, आपण देवघर ईशान्येला करतो ना, तीच ईशान दिशा. बँकॉकपासून तो प्रदेश ईशान्येला आहे म्हणून इसान. म्हणजे दोन कोटींहून अधिक लोकांचं नाव राजधानीतून बघणाऱ्याच्या दिशेवरून पडलं. आज ते लोक अभिमानानं स्वतःला इसानी म्हणतात, त्यांची गाणी, त्यांचा चिकट भात देशभर आवडीचा आहे. दुसऱ्यानं दिलेलं नावसुद्धा माणसं आपलंसं करतात, हेही खरं.

पण ज्यांचं नाव कुठल्याच रकान्यात बसत नाही त्यांचं काय? २०१८ च्या जून-जुलैमध्ये थायलंडच्या गुहेत फुटबॉल खेळणारी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले होते, आठवतं? गुहेतलं पाणी उपसण्याच्या कामात आपल्या महाराष्ट्रातल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तंत्रज्ञही मदतीला होते. सगळे सुखरूप बाहेर आले तेव्हा जगाला कळलं, की प्रशिक्षक आणि तीन मुलं यांना कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. प्रशिक्षक ताई-लू समाजाचा. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातेवाईक, पण कागद कुठल्याच बाजूचा नाही. नागरिकत्व नसलं की प्रवासाला परवानगी लागते, चांगली नोकरी मिळत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये त्या चौघांना नागरिकत्व मिळालं. त्यांच्यासारखी हजारो माणसं त्या डोंगरात अजून कागदाची वाट बघत आहेत.

आपल्या देशातले ताई

आता आपल्या देशात येऊ. १२२८ मध्ये सुकाफा नावाचा ताई राजपुत्र पाटकाई डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. त्याच्या वंशानं १८२६ पर्यंत, जवळजवळ सहाशे वर्षं राज्य केलं. त्यांनाच आपण आहोम म्हणतो. त्यांनी आपल्या नव्या मुलखाला दिलेल्या नावाचा अर्थ होता 'सोन्याच्या बागांचा देश'. जग मात्र त्याला त्यांच्याच नावावरून आसाम म्हणू लागलं.

आहोमांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली, असमिया भाषा घेतली, पुढे हिंदू रीती घेतल्या. त्यांची जुनी भाषा घरातून गेली, ती उरली पुरोहितांच्या पोथ्यांत आणि 'बुरंजी' नावाच्या बखरींत. चराईदेवला त्यांच्या राजांच्या मातीच्या समाध्या आहेत, त्यांना मोइदाम म्हणतात. २०२४ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. १६७१ मध्ये सराईघाटला मोगलांना हरवणारे लाचित बोरफुकन आहोम सेनापती होते, म्हणजे शिवाजी महाराजांच्याच काळातले. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत सर्वोत्तम छात्राला १९९९ पासून लाचित बोरफुकन सुवर्णपदक दिलं जातं.

आहोमांनंतर खामती, फाके, आइतोन, खामयांग, तुरुंग हे गट आले. हे बौद्ध आहेत. खामती बायकांच्या नावाआधी 'नांग' लावतात, शान बायकांच्याही. आपण नावापुढे 'ताई' किंवा 'बाई' लावतो तसंच. एप्रिलच्या मध्यावर एकमेकांवर पाणी घालून ते नवं वर्ष साजरं करतात, त्याला 'सांगकेन' म्हणतात. थायलंडमध्ये त्याच सणाला 'सोंगक्रान'. दोन्ही शब्द आपल्याच 'संक्रांती'चे. आपली संक्रांत जानेवारीत, सूर्य मकरेत जातो तेव्हाची. त्यांची सूर्य मेषेत जातो तेव्हाची. बघा, लोकांची नावं जशी तोंडागणिक बदलतात तशीच सणांचीही.

पण नावाचा खरा प्रश्न आहे तो सरकारी यादीत. आसामच्या स्वायत्त डोंगरी जिल्ह्यांसाठी अनुसूचित जमातींची जी यादी आहे, तिच्यात एक नोंद आहे, 'मान (ताई भाषक)'. 'मान' हा असमियातला शब्द ब्रह्मी लोकांसाठी आहे. १८१७ ते १८२६ या काळात ब्रह्मी फौजांनी आसामवर स्वाऱ्या केल्या, खेडी जाळली, माणसं नेली. त्या दिवसांना आसाममध्ये आजही 'मानांचे दिवस' म्हणतात, आया लेकरांना त्यांच्या गोष्टी सांगतात. आणि ज्यांचा त्या फौजांशी संबंध नाही त्या ताई भाषकांना यादीत त्याच नावानं ओळखायचं.

आहोम समाज आसाममध्ये इतर मागास वर्गात मोजला जातो. आपल्याला अनुसूचित जमातीत घ्यावं ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. म्हणजे 'आम्ही कोण' या प्रश्नाचं उत्तर तिथे शिष्यवृत्तीशी आणि नोकरीशी बांधलेलं आहे.

आणि एक चांगली गोष्टही घडली. अरुणाचलच्या यादीत खामतींची नोंद 'खाम्प्ती' अशी होती. २०२१ मध्ये संसदेनं कायदा करून ती बदलली आणि तिथे लिहिलं 'ताई खामती'. त्याच कायद्यानं 'अबोर' हे नाव यादीतून काढलं. अबोर म्हणजे न जुमानणारा. ज्यांना हे नाव बाहेरच्यांनी दिलं होतं ते लोक स्वतःला 'आदी' म्हणतात. आणखी काही जमातींचीही खरी नावं त्या कायद्यानं यादीत आली. कागदावरचं नाव दगडावरची रेघ नसते. लोकांनी धरून ठेवलं तर ते बदलतं.

आपल्यासाठी यात काय आहे?

तुम्ही म्हणाल, इतक्या लांबच्या लोकांची नावं कळून आपल्याला काय करायचं? आम्हाला वाटतं, करण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली-चंद्रपूरकडे आपण ज्यांना गोंड म्हणतो ते स्वतःला 'कोइतूर' म्हणतात. कातकरी हे नाव कात करण्याच्या धंद्यावरून पडलं. कात पाडायचा धंदा गेला, नाव राहिलं. आपल्या गटात, आपल्या गावाच्या वाडीवर-पाड्यावर अशी नावं आहेतच. काही नावं आपण इतक्या सहज उच्चारतो, की समोरच्या बाईला ती टोचतात हे आपल्या ध्यानात येत नाही. तीही बोलून दाखवत नाही, कारण तिला गटात राहायचं असतं, कर्ज घ्यायचं असतं.

आपल्यातल्या कितीतरी जणी सर्वेक्षणाला जातात, याद्या करतात, फॉर्म भरून देतात. त्या वेळी पेन आपल्या हातात असतं. ताई लोकांच्या इतिहासात असाच कोणीतरी लेखनिक बसला होता, त्यानं कुत्र्याची खूण काढली आणि ती शेकडो वर्षं राहिली. त्या लेखनिकानं समोरच्या माणसाला एकदा विचारलं असतं तर? म्हणून पुढच्या वेळी यादी करताना दोन प्रश्न विचारू या. 'लोक तुम्हाला काय म्हणतात?' हा एक, कारण दाखल्यासाठी सरकारी नाव लागतंच, ते चुकलं तर तिचंच नुकसान. आणि 'तुम्ही स्वतःला काय म्हणता?' हा दुसरा. दाखल्यावर पहिलं नाव लिहा, हाक मारताना दुसरं वापरा.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. आपल्या गावात, वाडीत किंवा पाड्यावर कोणकोणत्या समाजाचे लोक राहतात? ते स्वतःला काय म्हणतात, हे आपल्याला ठाऊक आहे का?

२. आपल्या स्वतःच्या समाजाचं नाव कशावरून पडलं? धंद्यावरून, गावावरून की दुसऱ्यानं ठेवलेलं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या.

३. दाखल्यावर किंवा यादीत नाव चुकीचं लागल्यामुळे गटातल्या कोणाचं काम अडलं आहे का? तो कागद दुरुस्त करायला गट म्हणून आपण काय मदत करू शकतो?

पुढच्या वेळी याच मालिकेत ताई-लू बायकांच्या विणकामाबद्दल बोलू.